‘लिनक्स सपोर्टेड’ म्हणजे नेमका कोणता कर्नल? सर्व्हरवर सिक्युरिटी एजंट टाकण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागरी सहकारी बँकेत अकरा लिनक्स सर्व्हर आहेत, त्यांत डेटाबेसचे दोन ओरॅकल लिनक्स ८ आणि एक जुना सेंटओएस ७ही आहे. ऑडिटरने सगळ्यांवर ईडीआर (सर्व्हरवरच्या संशयास्पद हालचाली पकडणारं सॉफ्टवेअर) किंवा अँटीव्हायरस एजंट लावायला सांगितला आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. व्हेंडर म्हणतो, ‘आमचं प्रॉडक्ट लिनक्सला सपोर्ट करतं.’ तुम्ही चाचणीच्या सर्व्हरवर एजंट टाकून पाहिला. इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं, सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते, पण व्हेंडरच्या कन्सोलवर रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद दिसतंय. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एजंटशी जुळतो की नाही हे आधीच कसं कळावं, आणि युनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) चालवून आलेला आकडा व्हेंडरच्या यादीत शोधला की झालं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सतरा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळते आहे. त्यातली बरीच वर्षं तुमच्यासारख्याच लहान-मध्यम बँका आणि पतसंस्थांसाठी गेली, त्यामुळे हा पेच ओळखीचा आहे. सर्वात आधी एक सांगते: चाचणीच्या सर्व्हरवर हे आधी लक्षात आलं हे फार चांगलं झालं. बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा हिरवा शब्द बघून स्क्रीनशॉट काढतात, तो ऑडिट फाइलला लावतात, आणि सर्व्हर महिनोन्महिने उघडा राहतो.

(कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलवर अर्थात नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करा.)

‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसूनही संरक्षण बंद का असतं, ते आधी बघू. असला एजंट दोन भागांचा असतो. एक भाग साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो: व्हेंडरच्या सर्व्हरशी बोलतो, अपडेट आणतो, लॉग लिहितो. सिस्टिमडीला, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेला, एवढाच भाग दिसतो. दुसरा भाग कर्नलच्या पातळीवर असतो. कोणती फाइल उघडली, कोणती प्रोसेस सुरू झाली, कोणी कुठे नेटवर्क कनेक्शन केलं हे तो पकडतो. हा दुसरा भाग कर्नलशी जुळला नाही तर पहिला भाग बंद पडत नाही, तो आपलं काम करत राहतो. काही कंपन्यांनी या अवस्थेला नावंही दिली आहेत. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कनमध्ये तिला ‘रिड्यूस्ड फंक्शनॅलिटी मोड’ म्हणतात आणि ती तपासायची वेगळी कमांड दिलेली आहे. तुमच्या एजंटमध्ये ही अवस्था काय नावाने ओळखली जाते आणि कोणत्या कमांडने दिसते, हा व्हेंडरला विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: एजंट कर्नलमध्ये कोणत्या वाटेने शिरतो? काय काय तपासायचं ते सगळं या उत्तरावर ठरतं.

पहिली वाट कर्नल मॉड्यूलची, म्हणजे चालू कर्नलला जोडायच्या तुकड्याची. व्हेंडर स्वतःचं मॉड्यूल कर्नलमध्ये लोड करतो. ही सर्वात जुनी आणि सर्वात हट्टी वाट. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलेलं असतं त्याचीच खूण त्यात असते. मॉडइन्फो चालवलंत की ‘व्हरमॅजिक’ नावाच्या ओळीत ती दिसते. खूण जुळली नाही तर लोड करताना ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा संदेश येतो, किंवा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) अमुक सिंबॉलची (कर्नलमधल्या फंक्शनच्या नावाची) आवृत्ती जुळत नाही असं दिसतं. या वाटेने जाणाऱ्या एजंटची यादी कर्नलच्या पूर्ण क्रमांकाप्रमाणे असते, शेवटच्या आकड्यापर्यंत. शिवाय मुख्य कर्नल बदलत जातो तसे मॉड्यूलवाल्यांचे जुने मार्गही बंद होत जातात. २०२० मध्ये ५.७ आवृत्तीत ‘कॉलसिम्स लुकअप नेम’ हे फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलना वापरता येणं बंद झालं. कर्नलच्या आतल्या गोष्टी शोधायला अनेक मॉड्यूल त्याचाच आधार घेत होती. त्यामुळे ‘जुन्या आवृत्तीवर चालत होतं, म्हणजे नव्यावर चालेलच’ हा हिशोब या वाटेवर लागत नाही.

दुसरी वाट फॅनोटिफायची. ही कर्नलमध्येच असलेली सोय आहे. फाइल उघडली जात असताना कर्नल एजंटला विचारतो, ‘उघडू देऊ का?’ आणि उत्तर येईपर्यंत ती फाइल उघडणाऱ्याला थांबवून ठेवतो. इथे मॉड्यूल लागत नाही, पण कर्नल बांधताना ही परवानगी विचारण्याची सोय चालू ठेवलेली असावी लागते. बूट फोल्डरमध्ये तुमच्या कर्नलच्या नावाची कॉन्फिग फाइल असते. तिच्यात ‘फॅनोटिफाय’ शोधा. दोन ओळी सापडतील. त्यातल्या ‘अ‍ॅक्सेस परमिशन्स’वाल्या ओळीपुढे ‘वाय’ असायला हवं. ते नसेल तर एजंट फार तर घडून गेलेलं पाहील, घडताना अडवू शकणार नाही.

तिसरी वाट ईबीपीएफची. नवे एजंट बहुतेक याच वाटेने येतात आणि मलाही तीच बरी वाटते. एजंट आपला छोटा प्रोग्रॅम कर्नलला देतो, कर्नल तो आधी तपासून घेतो आणि मगच चालवतो. प्रत्येक कर्नलसाठी वेगळं मॉड्यूल लागत नाही. पण त्यासाठी कर्नलने स्वतःच्या आतल्या रचनांची माहिती जवळ ठेवलेली असावी लागते. ती आहे का हे बघायला /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाइल आहे का एवढं बघा. एलएस करून फाइल दिसली तर एक मोठी शंका मिटली. नसेल तर एजंटला ती माहिती बाहेरून पुरवावी लागेल, आणि व्हेंडर तसं करतो का हे लेखी विचारा. ‘ईबीपीएफ म्हणजे धोका नाही’ असं कोणी सांगितलं तर मात्र तेवढं मानू नका. कर्नलमध्येच दोष असेल तर ईबीपीएफच्या वाटेनेही सर्व्हर पडू शकतो. तशी उदाहरणं झाली आहेत.

चौथी वाट ऑडिट यंत्रणेची. काही एजंट कर्नलच्या ऑडिट नोंदी वाचून काम चालवतात. इथे भानगड कर्नलच्या आवृत्तीपेक्षा शेजाऱ्याशी असते: ऑडिटडी आधीच चालू असेल, किंवा दुसरा एजंट तीच जागा धरून बसला असेल. ऑडिटसीटीएल -एस चालवलंत तर ती जागा कोणत्या प्रोसेसकडे आहे आणि किती नोंदी हरवल्या, दोन्ही दिसतं.

आता तुमच्या युनेम -आरच्या मुद्द्याकडे येते. ती कमांड हवीच, पण एकटी पुरत नाही. ती आत्ता चालू असलेला कर्नल सांगते. डिस्कवर नवा कर्नल येऊन पडलेला असू शकतो आणि पुढच्या रिबूटला तोच उठेल. उबुंटूवर अनअटेंडेड अपग्रेड्स सहसा आपोआप चालू असतं. ते सुरक्षा अपडेटमध्ये नवा कर्नल आणून ठेवतं, पण सेटिंग बदललं नसेल तर स्वतःहून रिबूट करत नाही. म्हणजे तुम्ही आज यादीशी ताडून पाहता तो एक कर्नल, आणि पुढच्या रविवारी वीज गेली की उठतो तो दुसराच. म्हणून रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम -क्यू कर्नल आणि ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल, तर उबुंटू-डेबियनवर डीपीकेजीच्या यादीतल्या लिनक्स-इमेजच्या ओळी, एवढं प्रत्येक सर्व्हरवरून काढा. लाइव्ह पॅचिंग (रिबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करणं) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: लाइव्ह पॅच लागला तरी युनेम जुनाच आकडा दाखवतं.

त्या आकड्याचा शेवटचा भाग नीट वाचा. रेड हॅट ८चा कर्नल ४.१८.०, ९चा ५.१४.०. तिथवर सगळे वाचतात. पण ५.१४.०-४२७ म्हणजे ९.४ आणि ५.१४.०-५०३ म्हणजे ९.५. हा फरक डॅशच्या पुढे असतो आणि मॉड्यूलवाल्या एजंटला नेमका तोच लागतो. उबुंटू २२.०४वर मूळ कर्नल ५.१५, पण कोणी हार्डवेअर एनेबलमेंटचा, म्हणजे एचडब्ल्यूई कर्नल घेतला असेल तर तो ६.८ पर्यंत गेलेला असतो. वर ‘उबुंटू २२.०४’च लिहिलेलं असतं. शेवटी ‘जेनेरिक’ आहे, ‘एडब्ल्यूएस’ आहे की ‘अ‍ॅझ्युर’, हेही बघा. क्लाउडचे कर्नल वेगळे बांधलेले असतात आणि त्यांचे आकडेही वेगळे चालतात.

तुमच्या यादीत डेटाबेससाठी दोन ओरॅकल लिनक्स ८ आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. ओरॅकल लिनक्सवर दोन कर्नल असू शकतात: एक रेड हॅटशी जुळणारा, ४.१८.०चा, आणि दुसरा ओरॅकलचा स्वतःचा ‘यूईके’, ५.४.१७ किंवा ५.१५.०चा. सहसा यूईकेच उठतो. आकड्याच्या शेवटी ‘यूईके’ दिसलं की तो. व्हेंडरच्या यादीत ‘ओरॅकल लिनक्स ८ : सपोर्टेड’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘फक्त रेड हॅटशी जुळणारा कर्नल’ असं असू शकतं. डेटाबेसच्या माणसांना न विचारता कर्नल बदलू नका. त्यांनी यूईके मुद्दाम निवडलेला असू शकतो.

उलट बाजूची फसगतही सांगते. व्हेंडरच्या पानावर ‘कर्नल ५.८ किंवा पुढचा हवा’ असं लिहिलेलं असतं, तुम्ही रेड हॅट ८वर ४.१८ बघता आणि यादीवर फुली मारता. पण रेड हॅट नव्या कर्नलमधल्या कितीतरी गोष्टी मागे आणून जुन्या आकड्याच्या कर्नलमध्ये बसवतं. ईबीपीएफचं बरंच काम ८च्या कर्नलमध्ये असंच आलेलं आहे. म्हणून रेड हॅट, अल्मा आणि रॉकीसाठी नुसत्या मोठ्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. व्हेंडरने त्या डिस्ट्रोसाठी (लिनक्सच्या त्या प्रकारासाठी) स्वतंत्र ओळ दिली आहे का ते बघा. रेड हॅट आपल्या एका मोठ्या आवृत्तीत काही ठरावीक सिंबॉल स्थिर ठेवण्याची हमी देतं. त्या यादीत राहून बांधलेलं मॉड्यूल नव्या कर्नललाही ‘वीक अपडेट्स’च्या फोल्डरमधून जोडलं जातं. पण सिक्युरिटीवाल्यांना बऱ्याचदा त्या यादीबाहेरचे सिंबॉल लागतात आणि तिथे ही हमी संपते.

मॉड्यूल जागेवर बांधणारे एजंट असतील तर आणखी एक अडचण येते. त्यांना चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारं कर्नल-डेव्हल किंवा हेडर्सचं पॅकेज (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) आणि जीसीसी हा कंपायलर लागतो. नेहमीची चूक अशी होते: आपण नुसतं ‘यम इन्स्टॉल कर्नल-डेव्हल’ म्हणतो, ते सर्वात नवं पॅकेज आणतं, आणि मॉड्यूल चालू नसलेल्या कर्नलसाठी बांधलं जातं. लॉगमध्ये ‘बिल्ड सक्सेसफुल’ येतं आणि एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत) काहीच दिसत नाही. तुमच्या चाचणीच्या सर्व्हरवर हेच झालं असण्याची शक्यता बरीच वाटते. पॅकेजच्या नावापुढे युनेमचा पूर्ण आकडा घालून मागा. शिवाय बँकेच्या हार्डनिंगच्या चेकलिस्टमध्ये ‘प्रॉडक्शनवर कंपायलर नको’ असं असतं आणि ते बरोबरच आहे. एजंटसाठी ते वाकवू नका. हुबेहूब तोच कर्नल असलेल्या वेगळ्या मशीनवर मॉड्यूल बांधून ते नेता येतं. व्हेंडर ते मान्य करत नसेल तर मी दुसरा व्हेंडर बघेन.

सिक्युअर बूटबद्दल, म्हणजे विश्वासू सही असलेलाच कोड चालू देणाऱ्या सोयीबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः त्यात पोळले आहे. मॉकयुटिल --एसबी-स्टेट चालवा. ‘एनेबल्ड’ आलं तर कर्नल विश्वासू सही नसलेलं मॉड्यूल आत घेणार नाही. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ किंवा ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे संदेश येतात. त्यावर उपाय म्हणजे व्हेंडरची किंवा आपली किल्ली मशीनच्या यादीत नोंदवणं. मॉकयुटिलने किल्ली आयात करायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रिबूट करायचं. वाचायला सोपं आहे. आम्ही एका डेटा सेंटरमधल्या फिजिकल सर्व्हरवर रात्री पावणेदोनला हे करत होतो. रिबूटनंतर एक निळा स्क्रीन येतो, ‘कोणतंही बटण दाबा’ म्हणतो आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. व्हीपीएनवरून रिमोट कन्सोल इतका मंद होता की माझ्या स्क्रीनवर निळा रंग येईपर्यंत तिकडे लॉगिन प्रॉम्प्ट आलेला होता. वेळ गेली की ती नोंदणीही गेली. सगळं पहिल्यापासून. दोनदा असंच झालं. तिसऱ्या वेळी डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीच्या मुलाला रॅकपाशी कीबोर्ड घेऊन उभं केलं, फोन स्पीकरवर ठेवला आणि पासवर्डचं एकेक अक्षर त्याला सांगितलं. मेंटेनन्सची दोन तासांची खिडकी त्यातच संपली आणि कोअर बँकिंगचं दिवस-सुरुवातीचं काम वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. तेव्हापासून सिक्युअर बूटचं उत्तर हातात आल्याशिवाय मी तारीखच देत नाही. किल्ली नोंदवायची असेल तर कन्सोलजवळ माणूस आहे का हे आधी विचारते.

‘त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद करून टाका’ असा सल्ला व्हेंडरच्या सपोर्टकडून मिळेल. मला तो पटत नाही. एक सुरक्षा लावायला दुसरी काढायची असेल तर बदल्यात काय मिळतंय हे लेखी मांडून वरिष्ठांची सही घ्यायला हवी. बहुतेक वेळा तसं लिहायला बसलं की पर्याय सापडतो. सिक्युअर बूट चालू असताना लॉकडाउनची, म्हणजे रूट युजरलाही कर्नलमध्ये हात घालू न देणाऱ्या बंधनाची, स्थितीही बघा. /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन या फाइलमध्ये चौकटी कंसात असेल ती चालू. ‘कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी’ असेल तर ईबीपीएफवाल्या एजंटलाही कर्नलची मेमरी वाचता येत नाही.

व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरचं थोडक्यात सांगते. सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट चालवा. केव्हीएम किंवा व्हीएमवेअर असेल तर कर्नल तुमचा आहे. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी असेल तर कर्नल होस्टचा आहे. तुम्ही मॉड्यूल लोड करूच शकत नाही आणि युनेम होस्टचा आकडा दाखवतं. बँकेची एखादी वेबसाइट स्वस्त व्हीपीएसवर असेल तर तिथे हेच निघतं. तिथे एजंटऐवजी होस्ट देणाऱ्याशीच बोलावं लागतं. युनेम -एम मध्ये ‘एआर्च६४’ आलं तर एजंटची आर्म आवृत्ती आहे का तेही बघा.

आता आधीपासून बसलेल्या एजंटबद्दल. तुम्ही लिहिलंय की काही सर्व्हरवर जुना अँटीव्हायरस ‘असेल बहुतेक’. ते ‘बहुतेक’ आधी मिटवा. दोन एजंट एकाच वेळी फॅनोटिफायने फाइली अडवायला बसले की एक दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतो आणि दुसरा पहिल्याच्या. मी हे एका फाइल सर्व्हरवर पाहिलं आहे. लोड अ‍ॅव्हरेज दोनवरून दीडशेवर गेला, सीपीयू मात्र निवांत होता. एलएस टाइप केलं आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला, कारण एलएसची स्वतःची फाइल उघडायलाही परवानगी लागत होती. शेवटी मशीनची वीज तोडावी लागली. म्हणून एलएसमॉड, चालू सर्व्हिसेसची यादी आणि ऑप्ट फोल्डर हे तिन्ही बघून जुनं काय आहे ते शोधा आणि ते नीट काढून टाका. एलएसमॉडमध्ये अनोळखी मॉड्यूल दिसलं तर मॉडइन्फोने त्याची फाइल कुठे आहे ते बघा. /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड मधला आकडाही मदत करतो. शून्य नसेल तर कर्नलमध्ये काहीतरी बाहेरचं आलेलं असू शकतं; इतर कारणांनीही तो आकडा बदलतो. १२२८८ दिसलं तर त्यात ४०९६ म्हणजे कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचं मॉड्यूल आणि ८१९२ म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल.

इथपर्यंतचं सगळं कागदावरचं. अकरा सर्व्हरची एक साधी तक्ता-शीट करा: डिस्ट्रो, चालू कर्नल, पुढच्या रिबूटचा कर्नल, आर्किटेक्चर, सिक्युअर बूट, बीटीएफची फाइल, फॅनोटिफायची ओळ, जुना एजंट, इंटरनेट आहे की नाही. शेवटचा रकाना विसरू नका. काही प्रॉडक्टमध्ये कर्नलची साथ (नव्या कर्नलवर एजंट चालण्याची सोय) वेगळ्या पॅकेजने येते. ट्रेंड मायक्रोच्या डीप सिक्युरिटीचं ‘कर्नल सपोर्ट पॅकेज’ हे त्याचंच उदाहरण. डेटाबेस सर्व्हर बाहेर जाऊ शकत नसेल तर ते पॅकेज त्याच्यापर्यंत कोण आणि कसं पोचवणार हे आजच ठरवायला हवं. ही शीट व्हेंडरला पाठवा आणि प्रत्येक ओळीपुढे एजंटच्या नेमक्या आवृत्तीसह ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून मागा. ‘लिनक्स सपोर्टेड’ असं एका वाक्यातलं उत्तर आलं तर परत पाठवा.

मग प्रत्यक्ष चाचणी. प्रत्येक वेगळ्या कर्नलमागे एक सर्व्हर निवडा. अकरापैकी वेगळे बहुधा चारच निघतील. व्हीएम असेल तर स्नॅपशॉट घ्या. फिजिकल असेल तर कन्सोल उघडतो याची खात्री आधी करा. सर्व्हर उठलाच नाही तर काय, याची एक युक्ती जवळ ठेवा: ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या) मेन्यूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टिमडी.मास्क= आणि पुढे एजंटच्या सर्व्हिसचं नाव लिहा. त्या एका बूटपुरती सर्व्हिस उठत नाही. मॉड्यूलच अडवायचं असेल तर त्याच ओळीत मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट= आणि मॉड्यूलचं नाव. ही दोन्ही वाक्यं कागदावर छापून सर्व्हर रूममध्ये लावा. रात्री दोन वाजता आठवत नाहीत.

इन्स्टॉल झाल्यावर सर्व्हिसची स्थिती बघू नका, परिणाम बघा. अँटीव्हायरस असेल तर आयकारची ६८ बाइटची चाचणी फाइल (निरुपद्रवी, पण अँटीव्हायरसने पकडायचीच अशी) लिहून बघा. ती अडली पाहिजे आणि कन्सोलवर नोंद आली पाहिजे. ईडीआर असेल तर आयकारला तो दाद देईलच असं नाही. व्हेंडरकडे चाचणीची स्वतःची कमांड असते, ती मागा. मग रिबूट करा आणि हीच चाचणी पुन्हा करा. नवा कर्नल टाका, रिबूट करा, तिसऱ्यांदा करा. ही तिसरी चाचणी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि खरा निकाल तीच देते. डेटाबेसवर व्हेंडर आणि डीबीए दोघांशी बोलून डेटा फाइलींची वगळणी (एजंटने कोणत्या फाइली तपासायच्या नाहीत ते) आधी ठरवा, आणि निदान एक महिनाअखेर त्या मशीनवर जाऊ द्या. व्याजाच्या बॅचच्या रात्रीचा ताण मंगळवारच्या दुपारी कळत नाही.

आता ज्यावर माझं मत ठाम आहे तो भाग. कर्नलची साथ येईपर्यंत अपडेट रोखून धरा, डीएनएफ व्हर्जनलॉक किंवा एपीटी-मार्क होल्ड लावा, असं सपोर्ट सांगेल. काही दिवसांसाठी ठीक आहे. पण हा होल्ड कोणी काढत नाही. सीव्हीई-२०२४-१०८६ आठवून बघा. नेटफिल्टरमधला, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलमधला दोष, साध्या युजरला रूट (सर्वाधिकारी) करणारा. जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्ती आली, मार्चअखेर एक्स्प्लॉइट (त्याचा गैरफायदा घेणारा कोड) जाहीर झाला, आणि ३० मेला अमेरिकेच्या सिसा या संस्थेने तो ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या’ दोषांच्या यादीत टाकला. एजंटसाठी फेब्रुवारीत होल्ड लावून विसरलेला सर्व्हर जूनमध्ये काय अवस्थेत असेल? सुरक्षेच्या नावाने बसवलेल्या गोष्टीमुळे तो उघडा राहिला असता. रिझर्व्ह बँकेच्या १९ ऑक्टोबर २०१८च्या नागरी सहकारी बँकांसाठीच्या सायबर सुरक्षा चौकटीत अँटीव्हायरसही आहे आणि पॅचही आहे. ऑडिटर एकच मागतो म्हणून दुसरं सोडता येत नाही.

मी पाळते तो क्रम असा. होल्ड लावला तर त्याची संपण्याची तारीख शीटमध्ये लिहायची, जास्तीत जास्त दोन आठवडे. त्यात गंभीर दोष जाहीर झाला तर कर्नल आधी, एजंट नंतर. तेवढे दिवस एजंट कमी क्षमतेवर चालेल हे लेखी कळवायचं आणि लॉगवर माणसाची नजर ठेवायची. पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्या सर्व्हरवर बाहेरचे युजर लॉगिन करतात किंवा वेब अ‍ॅप्लिकेशन चालतं तिथे मी थांबत नाही. आतल्या जाळ्यातला, दोनच अ‍ॅडमिन असलेला प्रिंट सर्व्हर आठवडाभर थांबू शकतो. व्हेंडर निवडणं अजून हातात असेल तर ‘नवा कर्नल आल्यापासून तुमची साथ किती दिवसांत येते’ हे गेल्या सहा महिन्यांच्या तारखांसह मागा. मी किमतीच्या आधी तो कागद बघते.

एजंटच्या स्वतःच्या अपडेटलाही टप्पे लावा. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. लिनक्स त्यात नव्हतं. पण कर्नलजवळ बसणारं काहीही सगळ्या सर्व्हरवर एकदम बदलू द्यायचं नाही, हे इकडेही तितकंच लागू आहे. दोन सर्व्हर पुढे, बाकीचे चार दिवसांनी.

राहिला तुमचा तो सेंटओएस ७. त्याची मुदत ३० जून २०२४ला संपली, कर्नल ३.१०.०-११६०वर थांबला. गंमत म्हणजे कर्नल आता हलत नसल्याने एजंट तिथे सुखाने बसतो आणि यादीतही सापडतो. म्हणून तो सर्वात ‘सुसंगत’ सर्व्हर ठरेल आणि अहवालात हिरवा दिसेल. ऑडिटरला तो हिरवा दाखवू नका. एजंट बसवा, पण शीटमध्ये त्याच्यापुढे स्थलांतराची तारीख लिहा, आणि व्हेंडर सेंटओएस ७ची साथ कधी सोडणार आहे हेही विचारून ठेवा.

तीन आठवडे पुरतील, जर पहिला आठवडा फक्त शीट आणि व्हेंडरच्या लेखी उत्तरांना दिलात तर. चाचणीच्या सर्व्हरसाठी आत्ता लगेच तीन गोष्टी बघा: युनेम -आर, आरपीएम -क्यू कर्नल-डेव्हल, आणि डीमेसेजमध्ये एजंटच्या मॉड्यूलच्या नावाच्या ओळी. ओरॅकल लिनक्सच्या दोन मशीनचं युनेम आणि मॉकयुटिलचं उत्तरही इथे टाका. होस्टनेम आणि आयपी मात्र खोडून टाका. ते बघितल्यावर डेटाबेसच्या बाजूला कोणती वाट धरावी ते सांगते.